ठिणगीची वेळ

मृगाचा पहिला पाऊस पडला, म्हणून वऱ्हाडातील शेतकरी लगेच तिफण जुंपीत नाही. तो शेतात जातो, मातीचे ढेकूळ हातात घेऊन चुरडून पाहतो आणि जमिनीला वाफसा आला आहे की नाही, याची खात्री करून घेतो. जमीन चिखल झालेली असताना पेरले, तर बी कुजते. ओल उडून गेल्यावर पेरले, तर ते रुजत नाही. बियाणे तेच, जमीन तीच, श्रमही तेवढेच. पण वेळ साधली नाही, तर सारे व्यर्थ जाते. शेतीला जो नियम लागू आहे, तोच मोटारीच्या इंजिनालाही लागू आहे. इंजिनात पेट्रोल आहे, हवा आहे आणि ठिणगीही पडते आहे. तरी ती ठिणगी क्षणाच्या अगदी लहानशा अंशाने लवकर किंवा उशिरा पडली, तर इंजिनाची शक्ती वाया जाते आणि कधी कधी इंजिनाचाच नाश होतो.

आज तयार होणाऱ्या मोटारींत ठिणगीची वेळ एक छोटासा संगणक ठरवतो. जुन्या मोटारींत मात्र ती कारागिराला हाताने जुळवावी लागते. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीने मुंबईतील कुर्ला येथील कारखान्यात १९५४ पासून फियाट ११०० ही गाडी बांधण्यास आरंभ केला. हीच गाडी पुढे सुधारत सुधारत प्रीमियर पद्मिनी या नावाने प्रसिद्ध झाली. महिंद्र आणि महिंद्र या कंपनीने १९४७ पासून मुंबईत जीपगाड्यांची जोडणी सुरू केली. या गाड्यांपैकी अनेक आता भंगारात गेल्या. परंतु काही हौशी माणसांनी आपल्या वाडवडिलांची गाडी म्हणून त्या जिवापाड जपल्या आहेत. २०२१ च्या जुलै महिन्यात केंद्र सरकारने अशा गाड्यांसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीनंतर ५० वर्षांहून अधिक काळ लोटलेली आणि मूळ रूपात राखलेली गाडी आता विंटेज, म्हणजे जुन्या जमान्याची गाडी म्हणून नोंदवता येते. अशी गाडी नुसती पुसून पासून झाकून ठेवणे सोपे आहे. ती चालती ठेवणे कठीण आहे. त्यासाठी ठिणगीचे गणित कळावे लागते.

मोटारीचे इंजिन म्हणजे आगीच्या बळावर चालणारे यंत्र होय. त्यात धातूची पोकळ नळकांडी असतात. त्यांना सिलिंडर म्हणतात. प्रत्येक सिलिंडरात एक दट्ट्या घट्ट बसवलेला असतो व तो खालीवर सरकतो. त्याची ही सरळ ये-जा क्रँक नावाचा वाकडा दांडा गोल फिरण्यात बदलतो आणि तेच फिरणे शेवटी चाकांपर्यंत पोहोचते. दट्ट्याच्या चार फेऱ्यांत एक काम पुरे होते. पहिल्या फेरीत तो खाली जातो आणि पेट्रोलची वाफ व हवा यांचे मिश्रण आत ओढले जाते. दुसऱ्या फेरीत तो वर येतो आणि ते मिश्रण दाबतो. मग प्लगच्या टोकाशी ठिणगी पडते, मिश्रण पेट घेते आणि तापलेल्या वायूंच्या जोराने दट्ट्या तिसऱ्यांदा खाली ढकलला जातो. चौथ्या फेरीत तो वर येताना जळालेला धूर बाहेर घालवतो. चार फेऱ्यांचे असे इंजिन जर्मनीतील निकोलाउस ऑटो याने १८७६ साली यशस्वी करून दाखवले. जगातील बहुतेक पेट्रोलगाड्या आजही याच तत्त्वावर चालतात.

आता प्रश्न असा, की ठिणगी नेमकी केव्हा पडावी? दट्ट्या अगदी वरच्या टोकाला पोहोचला, की त्याच क्षणी, असे उत्तर कोणालाही सुचेल. पण ते बरोबर नाही. मिश्रण एका क्षणात भडकत नाही. प्लगपाशी लहानशी ज्योत उत्पन्न होते आणि ती पसरत पसरत सगळ्या मिश्रणाला व्यापते. त्याला काही सहस्रांश सेकंद लागतात. तेवढ्या अवधीत दट्ट्या थांबून राहत नाही. ठिणगी वरच्या टोकाला पडली, तर ज्योत पूर्ण पसरेपर्यंत दट्ट्या बराच खाली निघून गेलेला असतो आणि वायूंचा जोर त्याच्यामागे नुसता धावत राहतो. म्हणून दट्ट्या वर येत असतानाच, टोकाला पोहोचण्यापूर्वी किंचित आधी, ठिणगी पाडावी लागते. मग दट्ट्या टोकावरून वळून खाली जाऊ लागला, की लगोलग त्याला पुरा जोर मिळतो.

नागपंचमीच्या दिवशी झाडाला बांधलेल्या झोक्याचे उदाहरण घ्यावे. झोका देणारी मुलगी मागे उभी असते. झोका तिच्याकडे येत असतानाच ती हात उचलून तयार होते आणि तो मागच्या टोकाला पोहोचून वळतो, तेव्हा तिच्या हातांचा पुरा जोर त्याला लागतो. तिने फार आधी ढकलले, तर वेगाने येणारा झोका तिच्या मनगटांवर आदळेल, तिला इजा होईल आणि झोक्याचा वेगही मंदावेल. तिने फार उशिरा ढकलले, तर झोका दूर गेलेला असेल आणि हात हवेतच फिरतील. ठिणगी लवकर पडणे म्हणजे येणाऱ्या झोक्याला आडवे होणे, आणि ठिणगी उशिरा पडणे म्हणजे गेलेल्या झोक्यामागे धावणे होय.

ही वेळ घड्याळाने मोजता येत नाही. ती क्रँकच्या फिरण्यावरून अंशांत मोजतात. एका फेऱ्याचे ३६० अंश. दट्ट्या टोकाला पोहोचण्यापूर्वी क्रँकचे १० अंश फिरणे उरले असताना ठिणगी पडली, तर ठिणगी १० अंश आधी आहे, असे म्हणतात. प्रत्येक इंजिनासाठी हा आकडा निराळा असतो आणि तो त्या गाडीच्या माहितीपुस्तकात दिलेला असतो. पण हा आकडा नेहमी एकच राहत नाही, हीच या विषयातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. इंजिन मिनिटाला ६०० फेरे घेत असेल, तर एका सहस्रांश सेकंदात क्रँक साडेतीन अंशांच्या आसपास फिरतो. तेच इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेऊ लागले, की तेवढ्याच अवधीत क्रँक १८ अंश फिरून जातो. ज्योतीला पसरण्यास वेळ द्यायचा, तर वेग वाढेल तशी ठिणगी अधिकाधिक आधी पाडली पाहिजे. सावकाश येणाऱ्या झोक्यासाठी हात जरा थांबून उचलला तरी चालतो. वेगाने येणाऱ्या झोक्यासाठी तो आधीच उचलावा लागतो.

प्रारंभीच्या काळात हे काम मोटार चालवणाराच करीत असे. १९०८ ते १९२७ या काळात अमेरिकेत तयार झालेल्या फोर्डच्या प्रसिद्ध मॉडेल टी गाडीत सुकाणूच्या चाकाखाली डाव्या बाजूस एक लहानशी दांडी असे. वेग वाढला, की चालक ती दांडी सरकवून ठिणगी आधी पाडी; गाडी सुरू करताना ती पुन्हा मागे घेई. मागे घेण्यास तो विसरला, तर मोठा अनर्थ ओढवे. त्या काळी इंजिन हाताने हँडल मारून फिरवीत. ठिणगी फार आधी पडली, तर वर येणारा दट्ट्या उलटा ढकलला जाई, हँडल झटक्याने मागे फिरे आणि हँडल मारणाऱ्याचे मनगट मोडे. म्हणून जुने चालक हँडल धरताना अंगठा इतर बोटांच्याच बाजूला ठेवीत. हँडल उलटले, तर हात सहज सुटावा, हा त्यामागील हेतू होता.

पुढे ही दांडी गेली आणि तिचे काम यंत्रानेच करावे, अशी योजना झाली. फियाट, जीप यांसारख्या गाड्यांत ठिणगी तयार होते ती अशी. बॅटरीची वीज फार तर १२ व्होल्टची. तेवढ्या विजेने दाबलेल्या मिश्रणातून ठिणगी उडत नाही. म्हणून ती वीज कॉइल नावाच्या तारांच्या वेटोळ्यातून नेतात. वाहणारा प्रवाह एकाएकी तोडला, की कॉइलच्या दुसऱ्या वेटोळ्यात १५ ते २० हजार व्होल्टचा जोर उत्पन्न होतो. प्रवाह तोडण्याचे काम पॉइंट नावाची दोन लहानशी तोंडे करतात. ती मिटलेली असताना प्रवाह वाहतो. एक फिरता, चार कोनांचा दांडा त्यांना उचलून उघडतो, तेव्हा प्रवाह तुटतो आणि नेमक्या त्याच क्षणी ठिणगी पडते. पॉइंट उघडताना जळू नयेत, म्हणून त्यांच्याजवळ कंडेन्सर बसवलेला असतो. उत्पन्न झालेली वीज कोणत्या सिलिंडराला द्यायची, हे डिस्ट्रिब्युटरमधील फिरता हात ठरवतो. या गाड्यांत सिलिंडर चार असतात आणि ते १, ३, ४, २ या क्रमाने पेट घेतात. बॅटरी, कॉइल आणि पॉइंट यांची ही रचना अमेरिकेतील चार्ल्स केटरिंग या संशोधकाने केली आणि १९१० च्या कॅडिलॅक मोटारीत ती प्रथम बसवली गेली.

वेगाप्रमाणे ठिणगी पुढे नेण्याची युक्ती याच डिस्ट्रिब्युटरच्या पोटात आहे. तेथे दोन लहान वजने बारीक स्प्रिंगांनी बांधलेली असतात. वेग वाढला, की गोफणीतल्या दगडाप्रमाणे ती वजने बाहेर ओढली जातात आणि पॉइंट उचलणारा दांडा थोडा पुढे ढकलतात. त्यामुळे पॉइंट आधी उघडतात. वेग कमी झाला, की स्प्रिंगा वजनांना परत जागेवर आणतात. म्हणजे जे काम मॉडेल टीचा चालक हाताने करीत होता, तेच काम ही दोन वजने मुकाट्याने करीत राहतात.

इंजिनातील दोष डोळ्यांना दिसत नाही; तो लक्षणांवरून ओळखावा लागतो. वैद्य नाडी पाहतो, जीभ पाहतो, मग औषध देतो. तसेच कारागीर आधी इंजिन ऐकतो. ठिणगी फार लवकर पडत असेल, तर इंजिन सुरू होताना अडखळते, उलटा झटका देते, आणि चढावर जोर लावला, की आतून टिनाच्या डब्यात गोट्या खुळखुळाव्यात तसा किणकिण आवाज येतो. कारागीर त्याला नॉकिंग म्हणतात. हा आवाज म्हणजे धोक्याची घंटा होय. वेळेपूर्वी पेटलेल्या मिश्रणावर वर येणाऱ्या दट्ट्याचा दाब पडतो, उष्णता भलतीच वाढते आणि शिल्लक राहिलेले मिश्रण एकदम भडकते. त्याचे तडाखे दट्ट्याला बसतात. हे दीर्घकाळ चालू दिले, तर दट्ट्याला भोक पडते आणि इंजिन निकामी होते. याउलट, ठिणगी उशिरा पडत असेल, तर आवाज येत नाही. पण गाडीत जीव नसल्यासारखे वाटते. पेट्रोल अधिक लागते, सायलेन्सर तापतो, त्यातून कधी कधी फटाक्यासारखे आवाज निघतात आणि रेडिएटरमधील पाणी उकळू लागते. कारण मिश्रण जळत असतानाच ते बाहेर टाकले जाते.

परंतु लक्षणे फसवी असतात. वऱ्हाडात तर ती विशेषच फसवतात. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्याही वर जातो. अशा उन्हात गाडी बंद पडली, की ठिणगीलाच दोष देण्याचा मोह होतो. प्रत्यक्षात तापलेल्या इंजिनाजवळून जाणाऱ्या नळीतच पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा तुटलेला असू शकतो. तसे असेल, तर पेट्रोलच्या पंपावर ओले फडके ठेवून थोडा वेळ थांबले, की गाडी पुन्हा सुरू होते. पाणी उकळण्याचे कारण सैल झालेला पंख्याचा पट्टा किंवा गाळाने भरलेला रेडिएटर हेही असू शकते. अलीकडे पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळले जाते. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या त्याने खराब होऊ शकतात आणि इंधन कमी पडू लागते. म्हणून एक लक्षण दिसले, की एकच कारण गृहीत धरणे, ही दोष शोधणाऱ्याची पहिली चूक ठरते.

एका उदाहरणाने हे अधिक स्पष्ट होईल. समजा, अकोल्यातील एका घरी तीन-चार वर्षे एका जागी उभी असलेली जुनी फियाट रस्त्यावर आणली आणि ती अमरावतीकडे निघाली. अकोला ते अमरावती हा सुमारे १०० किलोमीटरांचा मार्ग बोरगाव मंजू, मूर्तिजापूर, बडनेरा असा काळ्या जमिनीच्या सपाट प्रदेशातून जातो. याच मार्गावर २०२२ च्या जून महिन्यात ७५ किलोमीटर लांबीचा एकपदरी डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत अखंड घालून जागतिक विक्रम करण्यात आला. रस्ता असा सुरेख. पण गाडी वेग घेईना, आणि मूर्तिजापूर येईपर्यंत रेडिएटरमधून वाफ निघू लागली. गावात सावकाश चालताना मात्र गाडीची काहीच तक्रार नव्हती. ठिणगी उशिरा पडत असावी, असे मालकाला वाटले. त्याने डिस्ट्रिब्युटरचा स्क्रू सैल केला, तो अंदाजाने थोडा फिरवला आणि पुन्हा आवळला. गाडी लगेच वेगाने धावू लागली. मालक समाधानाने अमरावतीला पोहोचला.

दुसऱ्या दिवशी तीच गाडी चिखलदऱ्याला निघाली. परतवाड्यापर्यंत सारे ठीक होते. चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटर उंचीवर, म्हणजे अमरावतीपेक्षा साडेसातशे मीटरांनी उंच आहे. घाटाची वळणे सुरू झाली, वेग कमी झाला, इंजिनावर भार पडला आणि आतून खुळखुळ ऐकू येऊ लागली. वळणावर गाडी बंद पडली. पुन्हा सुरू करताना इंजिनाने उलटे झटके दिले. सपाटीवर गुण देणारे औषध घाटात विषासारखे ठरले. असे का व्हावे? मालकाचा अंदाज चुकला होता काय? वेगात ठिणगी उशिरा पडत होती, हे त्याने बरोबर ओळखले होते. पण ती फक्त वेगातच उशिरा पडत होती. संथ गतीत तिची वेळ जवळजवळ बरोबर होती. त्याने डिस्ट्रिब्युटर फिरवून सगळ्याच वेगांची वेळ सारखी पुढे सरकवली. त्यामुळे वेगातील दोष झाकला गेला आणि संथ गतीत, जेथे मोठा दोष नव्हता, तेथे नवा दोष उत्पन्न झाला.

गाडी अमरावतीला परत आणून एखाद्या जाणत्या मिस्त्रीच्या स्वाधीन केली, तर तो आरंभीच डिस्ट्रिब्युटरला हात लावणार नाही. तो क्रमाने जाईल. प्रथम तो बॅटरीची टोके स्वच्छ व घट्ट आहेत की नाहीत, हे पाहील. मग चारही प्लग काढून त्यांची तोंडे तपासील. तारा १, ३, ४, २ याच क्रमाने बसल्या आहेत की नाहीत, डिस्ट्रिब्युटरच्या टोपणाला बारीक चीर गेली आहे काय, हेही तो पाहील; कारण चिरेतून वीज भलतीकडेच पळते. त्यानंतर तो पॉइंटकडे वळेल. पॉइंट पूर्ण उघडले असताना त्यांच्यात सुमारे ०.४ ते ०.५ मिलिमीटर, म्हणजे साधारण दोन पोस्टकार्डांच्या जाडीइतके, अंतर असावे लागते. ते पोलादी पातीने मोजतात. फिरत्या दांड्यावर घासून पॉइंटचा टेकू हळूहळू झिजतो, अंतर कमी होते आणि पॉइंट उशिरा उघडू लागतात. दोन केसांच्या जाडीएवढी झीज झाली, तरी ठिणगी काही अंशांनी मागे पडते. म्हणून आधी पॉइंटचे अंतर, मग ठिणगीची वेळ, हा क्रम कधीही उलटा करू नये. वेळ आधी जुळवली आणि अंतर नंतर बदलले, तर जुळवलेली वेळ पुन्हा बिघडते.

मग पहिल्या सिलिंडराचा प्लग काढून त्या भोकावर बोट ठेवतात आणि इंजिन हाताने सावकाश फिरवतात. आतून हवा बोटाला जोराने ढकलू लागली, की दट्ट्या मिश्रण दाबीत वर येत आहे, हे कळते. ही खूण पाहणे आवश्यक असते. कारण चार फेऱ्यांत दट्ट्या दोनदा वर येतो आणि धूर बाहेर टाकणाऱ्या फेरीलाच दाबाची फेरी समजले, तर सगळे काम उलटे होते. इंजिनाच्या पुढील पुलीवर एक खूण कोरलेली असते आणि तिच्याजवळच्या स्थिर भागावर अंशांच्या खुणा असतात. माहितीपुस्तकातील अंशावर खूण आणून ठेवली, की मिस्त्री एक लहानसा दिवा घेतो. दिव्याची एक तार कॉइलच्या डिस्ट्रिब्युटरकडील टोकाला व दुसरी इंजिनाच्या धातूला जोडून तो किल्ली फिरवतो. पॉइंट मिटलेले असतील, तोवर दिवा लागत नाही. ते उघडताच तो लागतो. डिस्ट्रिब्युटर हळूहळू फिरवून ज्या जागी दिवा नेमका लागतो, तेथेच तो आवळला, की संथ गतीतील वेळ बरोबर जुळली. लाखो रुपयांच्या यंत्राचे काम येथे काही रुपयांचा दिवा करतो.

परंतु एवढ्यावर या फियाटचा दोष निघत नाही; कारण तिची खरी तक्रार वेगातील होती. त्यासाठी इंजिन चालू ठेवून तपासणी करावी लागते. पहिल्या प्लगच्या तारेला लावलेला टायमिंग लाइट प्रत्येक ठिणगीबरोबर लखकन चमकतो. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर तो सेकंदाला २५ वेळा चमकतो. प्रत्येक वेळी खूण त्याच जागी असल्यामुळे, वेगाने फिरणारी पुली जणू स्थिर उभी आहे, असा भास होतो. वेग वाढवत नेला, की ती खूण ठिणगी आधी पडण्याच्या दिशेने सरकताना दिसली पाहिजे. या गाडीत ती मुळीच सरकत नव्हती. मिस्त्रीने इंजिन बंद करून डिस्ट्रिब्युटरमधील फिरता हात बोटांनी पुढे वळवून पाहिला. निरोगी डिस्ट्रिब्युटरमध्ये तो थोडा वळतो आणि सोडताच स्प्रिंगांच्या ओढीने मागे येतो. येथे तो वळेचना. तीन-चार वर्षे गाडी उभी राहिल्यामुळे वजनांच्या खिळ्यांवर गंज चढला होता आणि वजने जागच्या जागी चिकटून बसली होती.

दोष सापडला, की उपाय सोपा असतो. वजने काढून रॉकेलने स्वच्छ केली, खिळ्यांना पातळ तेलाचा एक एक थेंब दिला, स्प्रिंगा तपासल्या, पॉइंटचे अंतर पातीने पुन्हा मोजले आणि दिव्याच्या साहाय्याने वेळ जुळवली. नवा भाग म्हणून काहीच विकत घ्यावे लागले नाही. खरी परीक्षा मात्र रस्त्यावरच होते. सपाट रस्त्यावर गाडीने तक्रार न करता वेग घेतला पाहिजे आणि पाणी उकळता कामा नये. घाटात योग्य गिअरमध्ये चढताना खुळखुळ ऐकू येता कामा नये. सपाटी आणि घाट या दोन्ही ठिकाणी जी उतरते, तीच ठिणगीची वेळ बरोबर. एकाच ठिकाणी उतरणारी वेळ म्हणजे जमून गेलेला अंदाज होय.

अशी कामे पाहण्याची हौस मुलांना असणे स्वाभाविक आहे. पण ती दुरूनच पाहावीत. कॉइलच्या विजेचा झटका जबर असतो, फिरता पंखा आणि पट्टा बोटे ओढून घेतात, आणि पेट्रोलची वाफ एका ठिणगीने पेट घेते. हे काम शास्त्रशुद्ध रीतीने शिकण्यासाठी अमरावती व अकोला येथे औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत. तेथे मोटारदुरुस्तीचा अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्या तरुणांना आज बहुतेक संगणकाच्या गाड्याच हाताळाव्या लागतात. त्या गाड्यांत क्रँकची स्थिती आणि इंजिनातील खुळखुळ टिपणारी साधने असतात आणि संगणक दर क्षणी ठिणगी पुढेमागे करीत असतो. पण तो ज्या प्रश्नाचे उत्तर शोधतो, तो प्रश्न जुनाच आहे : या वेगाला, या भाराला ठिणगी केव्हा पडावी?

जुनी गाडी या प्रश्नाचे उत्तर उघडपणे शिकवते. तिच्यात काहीही पेटीत बंद केलेले नाही. पॉइंट उघडताना दिसतात, वजने सरकताना दिसतात. आणि ती आणखी एक गोष्ट शिकवते. अंदाजाने स्क्रू फिरवला, तर लक्षण नाहीसे होते, पण दोष तसाच राहतो आणि पुढच्या घाटात दुप्पट होऊन समोर येतो. एका वेळी एकच गोष्ट तपासावी, एकच बदल करावा, त्याचा परिणाम पाहावा आणि मगच पुढचे पाऊल टाकावे. ढेकूळ चुरडून वाफसा पाहणारा शेतकरी आणि दिवा केव्हा लागतो, याची वाट पाहणारा मिस्त्री हे दोघेही याच मार्गाने चालतात. घाई न करता योग्य क्षण ओळखणे, हेच त्यांचे खरे कसब होय.

अभ्यास

१. ठिणगी दट्ट्या वरच्या टोकाला पोहोचण्यापूर्वी का पाडावी लागते? झोक्याच्या उदाहरणाने स्पष्ट करा.
२. ठिणगी लवकर पडणे आणि उशिरा पडणे यांची लक्षणे दोन रकान्यांत लिहा.
३. मालकाने केलेला उपाय सपाट रस्त्यावर उपयोगी पडला; घाटात तो का चालला नाही?
४. 'आधी पॉइंटचे अंतर, मग ठिणगीची वेळ' हा क्रम का पाळावा लागतो?
५. इंजिन मिनिटाला १२०० फेरे घेत असेल, तर एका सहस्रांश सेकंदात क्रँक किती अंश फिरेल?
६. तुमच्या गावात योग्य वेळ साधण्यावर अवलंबून असलेला एखादा व्यवसाय पाहा व त्याविषयी दहा ओळी लिहा.